उल्लरची गोष्ट का सापडत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. नोकरीनिमित्त तुम्ही नॉर्वेत आलात आणि ओस्लो विमानतळाजवळच्या येस्हाइममध्ये राहता. तिथल्या उलेनसाकर नगरपालिकेच्या बोधचिन्हावरची आकृती कुणाची, असं मुलाने विचारलं. शेजाऱ्यांनी ‘तो उल, आमचा जुना देव’ एवढंच सांगितलं; जुन्या ग्रंथांत हाच उल्लर. मग तुम्ही नेटवर शोधलंत आणि हाती आलं ते असं: हिवाळ्याचा देव, बर्फाचा देव, स्काडी या देवीचा नवरा, मुख्य देव ओडिनच्याही आधीचा देवांचा राजा. मुलाला रात्री सांगता येईल अशी एक धड गोष्ट मात्र कुठेच मिळाली नाही. तर यातलं खरं किती, आणि मूळ कथा कुठे वाचायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही शोधायला कमी पडलेला नाही. त्याची कथा शिल्लकच नाही. तिथल्या इतर देवांच्या कथा बघा: थोरचा हातोडा चोरीला जातो, टीरचा हात लांडगा तोडतो, बाल्डर मरतो, लोकी सगळीकडे काड्या घालतो. या कुठल्याच प्रसंगात उल्लर काही करताना दिसत नाही. जगाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सांगणाऱ्या ‘व्होलुस्पा’ या काव्यात तर त्याचं नावही येत नाही.

मी स्वीडनमध्ये जुनं नॉर्स, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातलं, साहित्य शिकवते. उल्लरपाशी आलं की वर्गातही हाच गोंधळ होतो, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्याच्या गोष्टी जास्त तो देव मोठा, असं आपण न बोलता धरून चालतो. पण ब्रह्मदेव पुराणांत पानोपानी भेटतो आणि त्याची देवळं शोधावी लागतात. उलट म्हसोबाचं पुराण कुणी वाचलेलं नसतं, शेंदूर फासलेला दगड मात्र बांधाबांधावर असतो. उल्लर हा म्हसोबाच्या बाजूचा. त्याला ग्रंथांत शोधलं तर चार ओळी मिळतात, जमिनीवर शोधलं तर पुष्कळ काही मिळतं.

तुम्हाला हे कशासाठी हवंय यावरही थोडं अवलंबून आहे. मुलाला सांगायचं असेल तर जरा सैल सोडता येईल. लेख लिहायचा असेल तर प्रत्येक वाक्य कुठून आलं ते माहीत हवं. मी कुठल्याही नॉर्स देवाबद्दल काही वाचलं की पहिला प्रश्न विचारते: हे कुठल्या शतकातलं? उल्लरच्या बाबतीत हा एकच प्रश्न निम्मा कचरा बाजूला काढतो.

ग्रंथांपासून सुरू करू. सगळ्यात जास्त उद्धृत होणारा मजकूर आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनचा, साधारण १२२० चा. तो सांगतो: उल्लर हा थोरची बायको सिफ हिचा मुलगा आणि थोरचा सावत्र मुलगा, धनुर्विद्येत आणि स्की चालवण्यात त्याच्याशी कुणी बरोबरी करू शकत नाही, दिसायला देखणा, योद्ध्याचे सगळे गुण अंगी, द्वंद्वयुद्धाच्या वेळी त्याचा धावा करावा. बस, एवढंच. बाप कोण, ते स्नोरी सांगत नाही. पुढे कवींना उपयोगी पडणाऱ्या भागात तो उल्लरची पर्यायी नावं देतो: स्कीदेव, धनुर्देव, शिकारदेव, ढालदेव. ढालीला ‘उल्लरचं जहाज’ म्हणायची पद्धत होती, तेही त्याने नोंदवलंय. ढाल आणि जहाज यांचा संबंध काय, ही गोष्ट त्या काळच्या श्रोत्यांना ठाऊक असणार. आपल्यापर्यंत फक्त उपमा पोचली, कथा वाटेत गळाली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास. म्हणजे स्नोरी लिहीत होता तेव्हा जुन्या देवांची पूजा थांबून दोनशे वर्षं उलटली होती. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि कवींसाठी हातपुस्तक तयार करत होता. त्याच्यावर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय आपण सगळेच आंधळे. पण त्याला कथांमध्ये रस होता, कोणत्या गावात कुणाला नैवेद्य दाखवतात यात नव्हता.

त्याच्याहून जुन्या काव्यांच्या ‘एड्डा’ नावाच्या संग्रहात उल्लर तीन जागी भेटतो, आणि या तीन जागा स्नोरीच्या चार ओळींपेक्षा मला जास्त बोलक्या वाटतात. दोन आहेत ‘ग्रिमनिस्माल’ या काव्यात. पहिल्या ठिकाणी देवांची घरं मोजताना सांगितलंय की उल्लरने आपलं घर ‘इदालिर’ इथे बांधलं. इदालिर म्हणजे यू नावाच्या झाडांच्या दऱ्या. यू हे लवचीक लाकडाचं सदाहरित झाड. त्या भागातली चांगली धनुष्यं याच लाकडाची असत. डेन्मार्कच्या निदाम दलदलीत लोहयुगातली अशी धनुष्यं सापडलेली आहेत. तेव्हा धनुर्धराने यूच्या रानात राहावं हे अगदी जागच्या जागी बसतं.

दुसरी जागा विलक्षण आहे. ग्रिमनिर असं नाव सांगून वेषांतर केलेल्या ओडिनला राजा गेरोड दोन जाळांच्या मध्ये आठ रात्री बसवून ठेवतो. आगीत भाजत असताना ओडिन देवलोकाचं वर्णन करत जातो आणि मध्येच म्हणतो: जो कुणी पहिल्यांदा या आगीला हात घालील त्याच्यावर उल्लरची आणि सगळ्या देवांची कृपा होईल. पुढे देगच्या उचलल्या की देवांपुढे सगळी जगं खुली होतात, अशा अर्थाचं काहीतरी आहे. या ओळींच्या अर्थावर अभ्यासक अजून भांडतात. पण पहिली ओळ स्पष्ट आहे. खुद्द ओडिन संकटात आहे आणि तो ‘उल्लरची आणि सगळ्या देवांची’ म्हणतो. थोरची नाही, फ्रेरची नाही. ज्याच्याबद्दल आपल्याला चार ओळी माहीत आहेत त्याचं नाव अशा वेळी सगळ्यांच्या आधी का यावं? या एका ओळीमुळे किती तरी जणांनी उल्लरला एके काळचा सर्वश्रेष्ठ देव ठरवून टाकलं. मी तिथवर जाणार नाही. छंदाच्या सोयीसाठीही नाव पुढे येऊ शकतं. तरी काव्य ऐकणाऱ्याला ते नाव त्या जागी खटकत नव्हतं, एवढं म्हणायला हरकत नाही.

तिसरी जागा ‘अत्लाक्विदा’ या वीरकाव्यात, जे एड्डातल्या सगळ्यात जुन्या काव्यांपैकी एक मानतात. गुन्नर या वीराला दिलेला शब्द राजा अत्लीने मोडला, तेव्हा त्याने कशाकशाच्या शपथा घेतल्या होत्या ते काव्यात मोजलंय: दक्षिणेकडे कलणाऱ्या सूर्याची, विजयदेवाच्या डोंगराची, शय्येची आणि ‘उल्लरच्या कड्याची’. कडं, म्हणजे अंगठीसारखं वळं. हे नुसतं नाव आहे, पुढेमागे खुलासा नाही. मागच्या पिढ्यांतले अभ्यासक यावर फार काही बोलू शकत नव्हते.

मग २००७ साली स्टॉकहोमच्या वायव्येला, ब्रू गावाजवळ लिला उलेवी नावाच्या ठिकाणी उत्खनन झालं. नावाचे तुकडे पाडले तर ‘छोटं’, ‘उल्लर’ आणि ‘वी’, म्हणजे पवित्र जागा. नाव आधीपासून होतंच, खाली काय आहे ते माहीत नव्हतं. खाली निघाली एका खडकाला धरून केलेली दगडांची भरण, तिला पुढे आलेले दोन हात, मधल्या मोकळ्या जागेत खांबांचे खड्डे, म्हणजे वर लाकडी चौथरा असावा. काळ साधारण इसवी सन ६६० ते ७८०. आणि त्यात सापडली कडी: अभ्यासक ज्यांना ताईत-कडी म्हणतात तशी तब्बल ६५. अशी कडी इतर पूजास्थानांवरही मिळतात. काव्यात ‘उल्लरचं कडं’, आणि त्याच्याच नावाच्या जागेत कड्यांचा खच. वर्गात हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की मला वेगळं काही समजवावं लागत नाही.

कड्यावर शपथ घ्यायची चाल उत्तरेत होती, याला बाहेरचाही पुरावा आहे. इंग्लंडच्या जुन्या बखरीत ८७६ सालची नोंद आहे की डेन लोकांनी राजा आल्फ्रेडशी तह करताना पवित्र कड्यावर शपथ घेतली. आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथांमध्ये, देवळातल्या वेदीवर ठेवलेल्या कड्याचं वर्णन येतं. सभेच्या वेळी ते पुरोहिताच्या हातात असे आणि त्यावर शपथा होत. तिथल्या शपथेच्या एका जुन्या मसुद्यात ‘फ्रेर, न्योर्द आणि तो सर्वशक्तिमान देव’ असे तिघे आहेत. हा तिसरा कोण? बरेच जण थोर म्हणतात, काही ओडिन, काही उल्लर. मी उल्लरच्या बाजूने पैज लावणार नाही, पण कड्याच्या शपथेत त्याचं नाव सुचणं मुळीच विचित्र नाही. द्वंद्वयुद्ध हाही तेव्हा न्यायनिवाड्याचा एक प्रकार होता, हे लक्षात घेतलं तर स्नोरीचं ‘द्वंद्वात त्याचा धावा करावा’ हेसुद्धा याच रांगेत येऊन बसतं. माझं मत विचाराल तर उल्लरचं मुख्य खातं दिलेला शब्द आणि त्याचा निवाडा हे असावं. स्की आणि धनुष्य ही त्याची ओळखीची चिन्हं.

आता गावांची नावं. उल्लरच्या नावाची ठिकाणं स्वीडनमध्ये मेलारेन सरोवराच्या आसपास आणि एस्टरयोटलँड भागात दाट आहेत, नॉर्वेत मुख्यतः ओस्लोफियोर्डच्या परिसरात आणि पूर्वेकडे. डेन्मार्कमध्ये जवळजवळ नाहीतच. उपसालाजवळचं उलतुना, जिथे आज कृषी विद्यापीठ आहे, ते त्याच्याच नावाचं. तुमचं उलेनसाकर जुन्या लेखनात ‘उलिन्साकर’ असं आहे: ‘उलिन’ हे उल्लरचंच दुसरं रूप आणि ‘आकर’ म्हणजे नांगरलेलं शेत. गंमत म्हणजे ‘उलिन’ हे रूप कुठल्याच काव्यात येत नाही, फक्त गावांच्या नावांत टिकलंय. तुमच्या गावाच्या पाटीवर आहे ते एड्डात नाही, हे मुलाला जरूर सांगा.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी. नॉर्वेजियनमध्ये ‘उल’ म्हणजे लोकरसुद्धा. त्यामुळे नकाशावर उल दिसलं की देव सापडला असं होत नाही. मेंढ्यांचं कुरणही असू शकतं, नदीचं नाव असू शकतं, एखाद्या माणसाचंही. मी दोन गोष्टी बघते: सगळ्यात जुनं लेखन काय आहे, आणि नावाचा दुसरा भाग कुठला. ‘वी’ किंवा ‘होफ’ असे पूजेचे शब्द जोडलेले असतील तर शंका फार उरत नाही. ‘आकर’ही बऱ्याचदा देवांच्या नावांना जोडून येतं. नॉर्वेतल्या शेतघरांच्या नावांचा ओलुफ रीग यांचा मोठा संग्रह १८९७ पासून छापला गेला, तो आता ऑनलाइन शोधता येतो. तुमच्या आसपासची नावं त्यात टाकून बघा, एक संध्याकाळ मजेत जाईल.

नावं कुठे दाट आणि कुठे विरळ यातच, मला वाटतं, ‘गोष्ट का नाही’ याचं उत्तर दडलंय. कथा लिहून ठेवल्या आइसलँडरांनी, आणि त्यांचे पूर्वज मोठ्या प्रमाणात पश्चिम नॉर्वेतून आलेले. उल्लरचा पट्टा त्यांच्या पाठीमागे, पूर्वेला. स्वीडिश लोकांनी त्या काळात रून या जुन्या लिपीत कोरलेल्या शिळांपलीकडे फारसं काही लिहून ठेवलं नाही. जिथे देव होता तिथे लेखणी नव्हती आणि जिथे लेखणी होती तिथे तो देव दूरचा झाला होता. त्यात आणखी एक शक्यता: व्हायकिंग काळ सुरू होईपर्यंत त्याचा जोर ओसरत आला असेल. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला काही अडचण नाही.

तो किती जुना? उत्तर जर्मनीत श्लेस्विग भागातल्या थोर्सबेर्गच्या दलदलीत म्यानाच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण सापडलं, इसवी सन २०० च्या सुमाराचं. त्यावर रूनमध्ये कोरलेलं नाव बरेच जण ‘वुल्थूचा सेवक’ असं वाचतात. वुल्थु म्हणजे वैभव किंवा तेज, आणि उल्लर हे नाव त्याच शब्दमुळापासून आलेलं. पण वाचनासाठी पहिल्या अक्षरात थोडी दुरुस्ती मानून घ्यावी लागते. शिवाय हा देवाचा सेवक की कुणा ‘तेजाच्या’ सेवकाचं नुसतं नाव, हे ठरवता येत नाही. म्हणून मी याला पुरावा न म्हणता शक्यता म्हणते.

‘देवांचा राजा’ ही भानगड आली कुठून? १२०० च्या सुमारास लिहिणाऱ्या डॅनिश इतिहासकार साक्सोकडून. त्याच्या लॅटिन बखरीत देव हे जादू येणारे लबाड माणूस आहेत. ओडिनने रिंडा नावाच्या राजकन्येवर जबरदस्ती केल्यामुळे बाकीचे देव त्याला हाकलतात आणि ओलेरुसला, म्हणजे उल्लरला, त्याच्या गादीवर बसवतात; नावही ओडिनचंच देतात. जवळजवळ दहा वर्षांनी ओडिन परत येतो, ओलेरुस स्वीडनला पळतो आणि पुढे डेन लोक त्याला मारतात. याच मजकुरात आहे की तो एका हाडावर मंत्र कोरून त्यावरून समुद्र पार करायचा. हाडाच्या तळव्यांचे बर्फावरचे स्केट उत्तरेत सर्रास वापरात होते, त्यांची आठवण इथे विपर्यस्त होऊन आली असावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही ते पटतं. थोडक्यात, राज्य त्याने केलं ते ओडिनच्या जागी आणि तात्पुरतं. ‘ओडिनच्या आधीचा’ हा नंतरच्या अभ्यासकांचा तर्क. फ्रेंच पंडित जॉर्ज द्युमेझील यांनी १९४० मध्ये मित्र-वरुण जोडीवर लिहिताना ओडिन-ओलेरुसच्या या गादीबदलालाही त्यात ओढलं. वेद वाचणाऱ्या आपल्या मंडळींना हे फार भावतं, मलाही एके काळी भावलं होतं. पण एवढ्या मोठ्या इमारतीला साक्सोचा पाया पुरत नाही.

बाकीचे दावे पटकन हातावेगळे करू. हिवाळ्याचा देव, बर्फाचा देव: मध्ययुगातल्या एकाही ग्रंथात असं म्हटलेलं नाही. स्की चालवतो यावरून नंतरच्यांनी काढलेलं अनुमान. उत्तरेत स्की हे मुळात शिकारीचं आणि प्रवासाचं साधन, त्यामुळे ‘शिकारदेव’ हे जुनं विशेषण जास्त नेमकं. स्काडीचा नवरा: दोघंही स्कीवर आणि दोघांच्याही हातात धनुष्य, म्हणून लावलेलं आधुनिक लग्न. ग्रंथांत स्काडीचं लग्न न्योर्दशी होतं आणि पुढे तिला ओडिनपासून मुलं झाल्याचं येतं. उल्लरचा पत्ता नाही. स्कीवाल्यांचा रक्षक, त्याच्या नावाची पदकं: ही विसाव्या शतकाची देणगी. अमेरिकेत कोलोराडोतल्या ब्रेकेनरिजला १९६३ पासून त्याच्या नावाचा उत्सव होतो, बर्फ पडू दे म्हणून त्याला साकडं घालतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ते जुनं नाही. नेटवर सगळीकडे फिरणारं चित्र, स्कीवर उभा असलेला धनुर्धारी, हे १७६० च्या दशकातल्या आइसलँडिक हस्तलिखितातलं आहे. बघायला छान, पुरावा म्हणून निरुपयोगी.

खरोखर जुनं चित्र हवं असेल तर स्वीडनमध्ये उपलांडातल्या बालिंगस्ता भागात बोक्स्ताची रूनशिळा बघा, अकराव्या शतकातली. घोडेस्वार, कुत्रे, हरणासारखं एक मोठं जनावर, पक्षी, आणि कोपऱ्यात स्कीवर धनुष्य ताणलेला माणूस. तो उल्लर असेल, नाहीतर नुसता शिकारी. शिळा मात्र आईबापांनी आपल्या गेलेल्या मुलासाठी उभी केलेली आहे. कोरलेल्या अक्षरांत देवाचं नाव नाही.

राहिला तुमचा मुलगा. नवीन कथा रचून ‘ही उलची गोष्ट’ म्हणून सांगू नका, उद्या शाळेत तोच तुम्हाला पकडेल. त्याला ग्रिमनिरची गोष्ट सांगा, ज्यात उलचं नाव खरोखर येतं. राजा गेरोडने अनोळखी पाहुण्याला दोन जाळांमध्ये बसवलं, त्याच्या अंगरख्याने पेट घेतला, दरबारात कुणी हूं की चूं केलं नाही. राजाचा दहा वर्षांचा मुलगा अग्नार तेवढा उठला, भरलेलं शिंग त्याच्या ओठांना लावलं आणि बापाचं चुकतंय असं म्हणाला. शेवटी राजा स्वतःच्याच तलवारीवर पडून मरतो आणि अग्नार गादीवर येतो. मुलाने विचारलं की यात उल कुठे आहे, तर आगीतून सोडवणाऱ्याला ज्याची कृपा सगळ्यात आधी मिळते तो, असं सांगा. बोलताना नॉर्वेजियन शेजाऱ्यांसारखं ‘उल’ म्हणा. शेवटचा ‘र’ हा जुन्या भाषेतला विभक्तीचा प्रत्यय आहे आणि आजच्या नॉर्वेजियनमध्ये तो उरलेला नाही.